स्वारी, स्वतः आणि मी

आजीच्या कपाटात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची एक जुनी प्रत होती. कापडी बांधणी, कण्याचा दोरा सुटलेला, आणि आतल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या किरट्या अक्षरात नुसतं ‘सौ. हिस’. सौ. कोण, ते लिहायची त्यांना गरज वाटली नसावी. घरात सौभाग्यवती एकच होती.

ही प्रत कण्यावर उभी धरून सोडून दिली की आपोआप एकाच ठिकाणी उघडायची. कादंबरीची नायिका यमू नवऱ्याबरोबर मुंबईला राहायला जाते, तिथे. त्या पानांवर तेलाचं बोट, हळदीचा अर्धवट ठसा, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले. त्याच्या मागेपुढे वीस-पंचवीस पानं अशीच, वापरलेल्या नऊवारीसारखी. आणि शेवटची साठसत्तर पानं मात्र अगदी करकरीत. बँकेतून आणलेल्या नोटांसारखी एकमेकांना चिकटलेली.

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. या कादंबरीवर परीक्षेत प्रश्न यायचा तो ठरलेला: तत्कालीन स्त्रीजीवनाचं चित्रण. बालविवाह, सावत्र आई, सासरचा जाच, वैधव्य, केशवपन. मुद्देसूद लिहिलं की मार्क मिळायचे, मला मिळालेही. ही प्रेमकथा आहे का, असा प्रश्न कुणी विचारला नाही. मलाही तो पडला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आजीचं कपाट आवरताना ती प्रत हातात आली, टेबलावर ठेवताना उघडली, आणि माझ्या लक्षात आलं की आजीनं एक वेगळीच कादंबरी वाचली होती. अभ्यासक्रमात नसलेली.

हरिभाऊंनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ही हकिकत क्रमशः छापायला सुरुवात केली. पुस्तक झालं 1893 मध्ये. ‘आजकालच्या गोष्टी’ हे त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेचं नाव. नावातच एक जाहीर भांडण होतं. त्याआधीच्या मराठी वाचकाला कादंबरी म्हणजे ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ माहीत होत्या. तिथल्या प्रेमाला राजवाडा लागायचा, उपवन लागायचं, संकटात सापडलेली सुंदरी आणि योगायोगानं तिथे पोचणारा शूर तरुण लागायचा. आजकालची गोष्ट म्हणजे काय, तर शनवारातला वाडा, माजघर, ओटीवर खाकरणारे मामंजी, आणि प्रेमाला जागाच नाही.

जागा नाही, हे शब्दशः. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी. म्हणजे प्रेमात पडायचं वय येईपर्यंत लग्न होऊन चारपाच वर्षं झालेली. कादंबरीकारानं प्रेमाची गोष्ट लिहायची तरी कुणाची? अविवाहित वयात आलेली मुलगी ब्राह्मणी घरात असायचीच नाही. परस्त्रीशी प्रेम लिहावं तर घरात मासिक येणं बंद. उरतो नवराच. त्या काळच्या मराठी लेखकाला प्रेमकथा लिहायची झाली तर नायक-नायिकेचं आधी लग्न लावून द्यावं लागायचं आणि मग त्यांना प्रेमात पाडावं लागायचं, तेही भरल्या घरात, सगळे निजल्यावर, दबक्या आवाजात. आपल्या सिनेमानं पुढे शंभर वर्षं लग्नापाशी गोष्ट संपवली. हरिभाऊंची तिथे सुरू होते.

आणि मग मुंबई. यमूचा रघुनाथ शिकायला, पुढे कामाला मुंबईस जातो, आणि ती त्याच्याबरोबर बिऱ्हाड करते. ‘बिऱ्हाड’ हा शब्द आपण आता भाड्याची खोली एवढ्याच अर्थानं वापरतो, पण त्या पिढीतल्या सुनेला तो शब्द कसा ऐकू येत असेल! 1857 साली मुंबईत विद्यापीठ निघालं, 1863 साली बोरघाटातून रेल्वे गेली, सरकारी कचेऱ्यांत शिकलेल्या तरुणांना जागा मिळू लागल्या. या तीन गोष्टी काही कुणी नवराबायकोच्या प्रेमासाठी केल्या नव्हत्या. पण त्यांच्यामुळे पुण्यातली एक सून गाडीत बसली, घाट उतरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलली. मला तर वाटतं, मराठी प्रेमकथेच्या इतिहासात घाटातल्या बोगद्यांचा वाटा कवींइतकाच मोठा आहे.

मुंबईच्या त्या प्रकरणांत होतं काय? आजच्या वाचकाला सांगितलं तर तो म्हणेल, काहीच नाही. नवरा तिला वाचायला प्रोत्साहन देतो. तिचं मत विचारतो. मित्रांच्या आणि त्यांच्या बायकांच्या बैठकीत ती बसते, आधी अंग चोरून, मग जरा सैल होऊन. कुणी कुणाचा हात धरत नाही. पण यमूच्या सांगण्यात एक लय येते, वाक्यं लांबतात, ती थट्टा करायला लागते. एरवी रडगाणं होऊ शकली असती अशी ही हकिकत त्या पानांत हसते. आजीचे तेलकट ठसे बरोबर तिथेच आहेत.

यमू नवऱ्याला काय म्हणते? ‘स्वारी.’ ‘स्वारीनं विचारलं’, ‘स्वारी बाहेरून आली’. कधी ‘इकडे’, कधी ‘तिकडे’. नवरा ही व्यक्ती नसून एक दिशा असावी तसं. आजी आजोबांना ‘हे’ म्हणायची, आणि ते घरात नसले तरी ‘हे’च, म्हणजे जवळचं सर्वनाम. लहानपणी मला याची फार गंमत वाटे. नाव घ्यायचं तर फक्त उखाण्यात, तेही यमकाच्या आडोशानं, चारचौघींनी दार अडवल्यावर. एरवी नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. ज्या भाषेत नवऱ्याचं नाव उच्चारायची बंदी आहे त्या भाषेत बायकोनं प्रेम व्यक्त करायचं कसं? तर ‘स्वारी’ या शब्दावर आवाज किंचित बदलून. हरिभाऊंनी तो बदललेला आवाज कागदावर पकडला, ही त्यांची खरी कमाई असं माझं मत आहे. सुधारणा-बिधारणा नंतर.

कादंबरीबाहेर हाच प्रसंग एका खऱ्या माडीवर घडलेला आहे, कादंबरी छापायला सुरुवात होण्याच्या सतरा वर्षं आधी. महादेव गोविंद रानड्यांचं दुसरं लग्न 1873 साली झालं. ते एकतीस वर्षांचे, नवरी अकरा वर्षांची. लग्नाच्याच दिवशी रात्री त्यांनी तिला माडीवर नेऊन विचारलं, तुझं माझ्याशी लग्न झालं, पण मी कोण, माझं नाव काय, तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, हो. मग सांग. आणि त्या मुलीनं घरात ऐकलं होतं तसं त्यांचं पूर्ण नाव सांगून टाकलं. मग त्यांनी तिच्या माहेरची विचारपूस केली, लिहिता-वाचता येतं का विचारलं. येत नव्हतं. त्यांनी पाटी-पेन्सिल आणली आणि त्याच रात्री ‘श्रीगणेशायनमः’ची सात अक्षरं तिला ओळखायला शिकवली.

त्या मुलीनं, म्हणजे रमाबाईंनी, हे 1910 साली, नवरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहिलं. मी हा प्रसंग किती वेळा वाचला असेन, आणि दर वेळी दोन्ही बाजूंनी टोचतो. एका बाजूला त्यातलं मार्दव. जे नाव तिनं जन्मभर घ्यायचं नाही तेच तो पहिल्या तासात तिच्या तोंडून काढून घेतो, उखाण्याशिवाय, विनोदाशिवाय, सरळ. दुसऱ्या बाजूला ते अकरा आणि एकतीस. शिवाय हे तेच रानडे, विधवाविवाहाच्या चळवळीतले. पहिली बायको गेल्यावर ते विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांची अपेक्षा वेगळी होती, आणि वडील जिंकले. टीका झाली, ती त्यांनी मुकाट्यानं सोसली. त्या रात्रीच्या पाटीवर शिकवण्याची हौस किती आणि अपराधीपणा किती, ते कुणी वेगळं काढून दाखवावं. मला तरी जमलेलं नाही.

खालच्या मजल्यावर त्या पाटीची किंमत रमाबाईंनी रोज मोजली. घरातल्या बायकांना तिचं शिकणं पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, मोठ्यानं वाचल्याबद्दल बोलणी. नवऱ्याची अपेक्षा वर, सासरची खाली, आणि मध्ये जिना. मराठीतल्या त्या काळच्या सगळ्या शिकलेल्या बायका मला त्या जिन्यावर उभ्या दिसतात.

आणि सगळ्या पुस्तकभर रमाबाई नवऱ्याला काय म्हणतात? ‘स्वतः’. स्वतः कचेरीतून आले, स्वतःची प्रकृती बरी नव्हती. पहिल्यांदा वाचताना मी दोन पानं गोंधळून गेले होते, मला वाटलं बाई स्वतःबद्दलच लिहितायत. मराठीत आपलेपणाची ओळख सांगणारा जो सगळ्यात आतला शब्द, तो त्या बाईनं नवऱ्याला देऊन टाकलेला. याला प्रेम म्हणायचं की पुसून जाणं? अठरा-वीस वर्षांची असताना मी तावातावानं उत्तर दिलं असतं. आता देत नाही, कारण तेच ‘स्वतः’ गेल्यावर याच बाईनं पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना मताचा हक्क मागितला. पुसलेली बाई असं काही करत नसते.

या रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. कुर्लेकरांची यमुना, सांगलीकडच्या देवराष्ट्र्याची. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्यांचंही माहेरचं नाव यमुना. 1857 साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, विधवांच्या स्थितीबद्दलचं, त्याची नायिका यमुना. आणि हरिभाऊंची यमू. यात गूढ काही नाही, त्या काळी दर चौथ्या घरात गंगा नाहीतर यमुना असायची. पण खऱ्या दोन्ही यमुना लग्नाच्या दिवशी संपल्या. नवऱ्यांनी त्यांना नवी नावं दिली आणि इतिहासानं तीच घेतली. कादंबरीतल्या यमुना मात्र आपल्याकडे यमुना म्हणूनच राहिल्या. नाव टिकवायचं तर बाईनं कागदावर जन्म घ्यावा, असाच काहीतरी तेव्हाचा हिशेब दिसतो.

माझ्या लग्नात सासरी माप ओलांडल्यावर लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्याला सोन्याच्या अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहायचं होतं. आम्ही आधीच ठरवलं होतं, नाव बदलायचं नाही. तो अंगठी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, मागून आत्येसासूबाई म्हणाल्या, लिही रे, तांदूळ वाट बघतायत. त्यानं माझं होतं तेच नाव लिहिलं. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्या मनानं, चुकीच्या चेंडूवर वाजाव्यात तशा. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर झाली. मी दोन वाट्या खाल्ली.

माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. तिच्या नावाचं पितळी घंगाळ आहे, काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं आहेत, पण ती सासरची. मी दोघातिघा म्हाताऱ्या नातेवाइकांना विचारलं. एकजण म्हणाले, अगं, तिला सगळे वहिनीच म्हणायचे.

पाटी हातात दिली की प्रेम आलं, असंही समजायला नको. आनंदीबाईंच्या नवऱ्यानं, गोपाळरावांनी, बायकोला शिकवायचा ध्यासच घेतला होता. लग्नात ती नऊ वर्षांची, ते सुमारे वीस वर्षांनी मोठे. अभ्यास सोडून चुलीपाशी दिसली म्हणून ते तिला मारत. पुढे अमेरिकेतून तिनं त्यांना पत्रात हे स्पष्ट लिहिलं, दहाव्या वर्षी फुटक्या लाकडानं मारलंत, पुस्तकं फेकून मारलीत. आणि त्याच पत्रात आपल्या शिक्षणाचं श्रेयही दिलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 साली ती डॉक्टर झाली, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली, बावीसही पुरी नव्हती. इतर नवरे बायको पुस्तक वाचताना दिसली म्हणून मारत, हा स्वयंपाक करताना दिसली म्हणून. अपेक्षा उलटी झाली, मार तोच राहिला. एखाद्या कादंबरीकारानं हे पात्र रचलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्तीसाठी झापलं असतं.

आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं काशीबाई कानिटकरांनी. या काशीबाईंवर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. नवव्या वर्षी लग्न, नवरा शिकलेला, कवी, वकील, आणि बायकोला अक्षरओळख नाही म्हणून नाराज. ती सासरी चोरूनमारून शिकली आणि इतकी शिकली की मराठीतली पहिली स्त्री कादंबरीकार म्हणून तिचं नाव घेतात. हरिभाऊंचं कानिटकरांकडे जाणंयेणं होतं. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना काशीबाईंशी झालेल्या बोलण्याचा त्यांना मोठा उपयोग झाला. म्हणजे बघा, सव्वीस वर्षांचा एक पुरुष पुण्यात बसून एका विधवेच्या तोंडून ‘मी’ म्हणतोय, आणि त्याला माजघराची भाषा पुरवायला एक खरी बाई आहे. आणि त्या बाईनं स्वतः कादंबरी लिहिली, 1903 साली पुस्तक म्हणून काढली, तिचं नाव काय? ‘रंगराव’.

पुरुषानं बाईच्या नावानं लिहावं आणि बाईनं पुरुषाचं नाव पुठ्ठ्यावर घालावं. मला यात उपहास करावासा वाटत नाही. दोघांनाही एका आडोशाची गरज होती. यमूच्या पदराआड उभं राहून हरिभाऊंना नवऱ्यावरचं प्रेम, म्हणजे खरं तर नवरा म्हणून आपल्यावर कुणी करावं असं वाटणारं प्रेम, लिहिता आलं. उघड्यावर लिहिलं असतं तर बायकोवेडा म्हणून हसले असते लोक. त्या काळच्या पुण्यात बायकोवर प्रेम करणाऱ्या पुरुषाची बदनामी काही थोडी नव्हती.

स्वतःच्या आवाजात लिहायची पाळी आली तेव्हा काय झालं? ‘पण लक्षात’ संपल्यावर हरिभाऊंनी ‘करमणुकी’त पुढची कादंबरी सुरू केली, तिचं नाव ‘मी’. मराठीत इतकं छोटं आणि इतकं धाडसी नाव मला दुसरं आठवत नाही. नायक भाऊ, पुढे भावानंद. शिवरामपंत नावाचे सुधारक, त्यांची मुलगी सुंदरी. ही सुंदरी शिकलेली आहे, वयात आलेली आहे आणि तिचं लग्न झालेलं नाही. म्हणजे जे पात्र मराठी कादंबरीला आजवर मिळत नव्हतं ते अखेर मिळालं. आता उपवन नको, योगायोग नको, समोरासमोर बसून दोन शहाणी माणसं प्रेमात पडू शकतात. पडतातही. आणि मग हरिभाऊंना तिचं काय करावं ते सुचत नाही. भाऊ प्रेम बाजूला ठेवतो, समाजसेवेसाठी संन्यस्त होतो.

हे वाचून मी पुस्तक आपटलं होतं. अजूनही मला ती हरिभाऊंची हार वाटते. तिथे विधवा होण्याची सक्ती नव्हती, यमूच्या सासरचे ते शंकरमामंजी नव्हते, आडवा जिना नव्हता. फक्त कर्तव्य होतं, आणि कर्तव्याला प्रेमाचा संशय येत होता. त्या सगळ्या पिढीलाच तो होता. सुख भोगलं तर सुधारणा खोटी ठरेल, विरोधक म्हणतील, बघा, यांना बायकाच हव्या होत्या. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं तेव्हा मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. प्रेमाला त्यागाची पावती जोडल्याशिवाय ते दाखवायची सोय नव्हती.

पावती न जोडता ‘मी’ म्हणणारी एकजण होती, पण ती कादंबरीत नव्हती, मुंबई हायकोर्टात होती. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं. ती सासरी गेली नाही. 1884 साली त्यानं दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही तिच्या बाजूनं बोलले, अपिलानंतर 1887 मध्ये निकाल फिरला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिनं तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. जे लग्न मला न विचारता झालं ते मी मानत नाही, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी 1888 मध्ये पैशांवर तडजोड झाली आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. हरिभाऊंच्या वाचकांना हा खटला तोंडपाठ होता. ‘करमणूक’ निघाल्यावर पाचच महिन्यांत संमतिवयाचा कायदा झाला, मार्च 1891. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या, टिळकांच्या ‘केसरी’नं कायद्याविरुद्ध रान उठवलं. ज्या घरात यमूच्या मुंबईच्या गोष्टी चोरून वाचल्या जात होत्या त्याच घराच्या ओटीवर दहा की बारा यावर तावातावानं वाद चालला होता. ओटीवरच्यांना माजघरात काय वाचतात याची कल्पना असेल?

रखमाबाईंबद्दल असं सांगतात की दादाजी वारल्याचं कळल्यावर त्यांनी विधवेचा पांढरा वेष घेतला. ज्या लग्नाला जन्मभर लग्न मानलं नाही त्याचं वैधव्य मात्र पाळलं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. कारणं अनेक सुचतात, एकही पटत नाही. एखाद्या चांगल्या कादंबरीच्या शेवटासारखं ते उघडं राहतं.

शतक संपता संपता, 1899 साली, देवलांचं ‘शारदा’ रंगभूमीवर आलं. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, आणि ‘मूर्तिमंत भीती उभी’ म्हणणारी शारदा. लोक रडले, हसले, पदं पाठ झाली, आणि बहुतेक पुढच्या लग्नसराईत तेच केलं. योगायोगाची एक गंमत म्हणजे 1929 साली बालविवाहाचा कायदा झाला तो हरविलास सारडांच्या नावानं. मराठी माणसं त्याला शारदा कायदा म्हणत राहिली. माझ्या आजीचीही खात्री होती की तो नाटकामुळेच झाला. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी कबूल करायला हवी. हा सगळा कारभार मूठभर वाड्यांचा आहे. वस्तरा, विधवेचं आलवण, माडी, जिना, ‘स्वारी’, हे वरच्या जातींचं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती मराठा घरातून, आणि तिचा आवाज यमूपेक्षा दसपट चढा आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं 1855 साली लिहिलेल्या निबंधात मांग-महार बायकांच्या बाळंतपणांबद्दल जे आहे, उघड्यावर, छपराशिवाय, त्यापुढे बिऱ्हाडाचं सुख फारच नाजूक वाटायला लागतं. मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून सभा भरवली, ती 1890 च्या सुमारास. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानंही काही म्हटलं होतं. पण त्या न्हाव्याच्या घरात प्रेम कुठल्या सर्वनामात बोललं जायचं, ते मराठी कादंबरीनं तेव्हा विचारलं नाही. विचारायला पुढे फार वर्षं घेतली.

आजीकडे परत येते. तिची प्रत मी घरी आणली, आणि एका दुपारी ती करकरीत पानं सुट्टी करत शेवटपर्यंत गेले. रघुनाथ जातो. यमू पुण्याला येते. शंकरमामंजी न्हावी आणतात. ते प्रकरण परीक्षेसाठी वाचलं होतं तेव्हा मी समासात ‘महत्त्वाचे’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. या वेळी ते मला एका बैठकीत वाचवलं नाही. त्यात यमू सोसते त्याहून भयंकर काही असेल तर ते हे की मुंबईत शिकलेली सगळी अक्षरं, सगळी मतं, सगळी थट्टा तिच्यापाशी शाबूत आहे, आणि त्यातलं काहीही त्या खोलीत उपयोगाचं नाही.

आजीनं हे वाचलंच नव्हतं का? तसं नव्हे. मी शाळेत असताना तिला एकदा विचारल्याचं मला आता आठवलं. ती दुपारी माजघराच्या दाराशी जाजमावर बसून वाचायची, पाय पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, आजी, तू पुढचं कधी वाचतच नाहीस, मध्येच परत मागे जातेस.

तिच्या माहेरी एक आत्या होती. नाव सांगायची नाही, ‘आत्या’च म्हणायची. लाल आलवण, डोक्यावरून पदर, कधी न दिसणारं डोकं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सोवळ्यात स्वयंपाकाला लागायची, सणावारी कुणाच्या समोर यायची नाही. आजी लहानपणी तिच्या कुशीत झोपायची.

“पुढचं माहितीय गं मला,” आजी म्हणाली. “आमच्या मागच्या खोलीत होतं.”

मग तिनं बोटाला थुंकी लावली, आठदहा पानं एकदम उलटी परतली, आणि यमूची गाडी घाट उतरायला लागली तिथून पुन्हा वाचायला सुरुवात केली.